मंडळीतील पद : वतन की सेवा?

वर्षअखेर जवळ आली म्हणजे खेडोपाडीच्या पुष्कळ मंडळ्यांत वार्षिक सभा भरतात. जमाखर्च वाचला जातो, सभासदांची यादी तपासली जाते, आणि नव्या वर्षासाठी वडील, डीकन, चिटणीस व खजिनदार ह्यांची निवड होते. सभेचा आरंभ प्रार्थनेने होतो. परंतु तिचा शेवटही प्रार्थनेच्याच वृत्तीने होतो असे आम्हांस नेहमी म्हणवत नाही. कोणी रागाने उठून जातो, कोणी पुढचे सहा महिने उपासनेस फिरकत नाही, आणि एकाच विहिरीवर पाणी भरणारी दोन घरे एकमेकांशी बोलेनाशी होतात. कारण विचारावे तर उत्तर मिळते, "आमचा मान राहिला नाही." ज्या वाचकांनी अशी सभा कधी पाहिली नाही ते धन्य होत. ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्यासोबत बसून ह्या मानाचा थोडा विचार करावा असे आमच्या मनात आहे.

प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. एखादी जागा पुष्कळ वर्षे माझ्याकडे राहिली, म्हणून ती माझ्या मालकीची झाली काय? माझ्या आजोबांनी देवळाच्या भिंतीस दगड वाहिले, म्हणून त्या देवळाच्या किल्लीवर माझा हक्क लागतो काय? मी इतरांहून अधिक वर्गणी देतो, म्हणून माझे मत इतरांहून जड असावे काय? आणि ह्या सर्व प्रश्नांस 'नाही' असे उत्तर द्यावे, तर मग मंडळीत व्यवस्था तरी कशाच्या आधाराने टिकेल? थोडक्यात म्हणजे, मंडळीतील पद हे वतन आहे की सेवा आहे?

वतन हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहो. कारण त्याचा अर्थ आमच्या वाचकांस कोणी शिकवावयास नको. गावगाड्यात पाटलाची पाटिलकी होती, कुलकर्ण्याचे कुलकर्ण होते, आणि महाराचेही वतन होते. काम वंशपरंपरेने ठरलेले, आणि त्याचा मोबदलाही वंशपरंपरेने ठरलेला. मुंबई इलाख्यात १८७४ च्या कायद्याने ह्या वंशपरंपरागत हुद्द्यांस सरकारी शिक्का बसला. नगर जिल्ह्यातील पुष्कळ खेड्यांत पहिले ख्रिस्ती कुटुंब महारवाड्यातलेच होते. म्हणून आमच्यापैकी अनेकांच्या आजापणजांनी हे वतन आपल्या खांद्यावर वाहिले आहे. हाडकी-हाडवळ्याचा जमिनीचा तुकडा आणि सुगीच्या वेळचे बलुते, एवढ्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री सरकारी कामास धावावे, निरोप पोहोचवावेत, मेलेली गुरे ओढावीत, आणि 'नाही' म्हणण्याची सोय नाही. हे वतन म्हणजे बंधन आहे हे ओळखून डॉक्टर आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यात सुधारणा करण्यासाठी बिल आणले. आणि पुढे १९५८ च्या कायद्याने गावकामगारांची कनिष्ठ वतने नष्ट झाली.

कायद्याने वतन गेले. मनातून गेले काय? बाप वडील होता म्हणून मुलगा वडील व्हावा, पहिल्या ओळीतील जागा अमक्याच घराची असावी, हिशेबाची वही अमक्याच्याच पेटीत राहावी आणि ती कोणी मागितली तर त्यास अपमान वाटावा, ही सर्व वतनाचीच लक्षणे नव्हेत काय? ज्या रीतीच्या ओझ्याखाली आमचे पूर्वज वाकले, तीच रीत आम्ही प्रभूच्या घरात आणून तिला मान म्हणावे, ही मोठ्या खेदाची गोष्ट आहे.

न्यायाने बोलावयाचे तर वतनात एक चांगला अंशही होता. कोणते काम कोणाचे, हे ठरलेले असे. वेशीवर वेसकर असणार, हे गावास ठाऊक असे. मंडळीतही कामाची वाटणी स्पष्ट असावी, आणि 'सर्वांचे काम ते कोणाचेच नव्हे' अशी स्थिती होऊ नये, हे आम्हांस मान्य आहे. परंतु वतनाचा दोष असा, की त्यात हक्क पुढे येतो आणि काम मागे पडते. काम झाले नाही तरी हक्क चालूच राहतो; आणि ज्याच्यासाठी ते काम होते तो मनुष्य हळूहळू दृष्टीआड होतो. मंडळीत हा दोष शिरला म्हणजे काय होते हे कळण्यास, मंडळी मुळात कशासाठी आहे हे आधी पाहिले पाहिजे.

नव्या करारात ज्या शब्दाचे भाषांतर आम्ही 'मंडळी' असे करतो, तो मूळचा ग्रीक शब्द एक्लेसिया. ग्रीक नगरांत नागरिकांच्या सभेस तो लावीत. बोलावणे आले म्हणजे लोक आपापली कामे सोडून एके ठिकाणी जमत. म्हणजे ह्या शब्दात इमारत नाही, जमीन नाही, की मिशनचा बंगलाही नाही. बोलावणारा आहे आणि बोलावलेले लोक आहेत. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्या घरांतच भरत. फिलेमोनाच्या घरी मंडळी होती. अक्विला व प्रिस्किल्ला ह्या तंबू शिवणाऱ्या नवराबायकोच्या घरीही होती. अशा बोलावलेल्या लोकांची कामे मुख्यत्वे तीन : देवाची उपासना करणे व त्याचे वचन ऐकणे, एकमेकांचा सांभाळ करून विश्वासात वाढणे, आणि बाहेरच्या लोकांस शुभवर्तमान व सेवा पोहोचविणे. मंडळीतील प्रत्येक पद ह्या तिहींपैकी एखाद्या कामासाठी असते. ज्या पदाने ह्यांपैकी एकही काम होत नाही, ते पद नसून नुसती खुर्ची आहे.

पदे प्रथम कशी निर्माण झाली, ह्याची हकीकत प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेम येथील मंडळी वाढत होती. आणि वाढीबरोबर कुरकुरही आली. मंडळीत इब्री बोलणारे यहूदी होते, तसे ग्रीक बोलणारेही होते. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी, की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषितांनी ही तक्रार दाबली नाही. त्यांनी सर्व शिष्यांस बोलाविले आणि ह्या कामासाठी तुम्हीच सात माणसे निवडा असे सांगितले. निवडलेल्या सातांची नावे वाचून पाहावी : स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. त्यावरून असे दिसते, की ज्या पक्षाची तक्रार होती त्याच पक्षाच्या हाती मंडळीने वाटपाची पळी दिली. कोणाचा मान राखावा म्हणून ही पदे निर्माण झाली नाहीत. काही म्हाताऱ्या विधवा उपाशी राहत होत्या, म्हणून निर्माण झाली. आमच्या प्रिय वाचकांनी हे कधी विसरू नये. ज्याच्या ताटात काही पडले नाही अशा माणसापासून मंडळीच्या कारभाराचा आरंभ झाला.

पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, सुमारे १५५ साली, रोम शहरी जस्टिन नावाच्या विद्वान ख्रिस्ती गृहस्थाने बादशहास एक विनंतीपत्र लिहिले. ख्रिस्ती लोकांवर नाना आळ येत असत. म्हणून आम्ही रविवारी जमून काय करतो हे त्याने उघड सांगितले. शहरातले व खेड्यातले लोक एकत्र जमतात, प्रेषितांच्या आठवणी व संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, अध्यक्ष बोध करतो, प्रार्थना होते, प्रभूची भाकर व द्राक्षारस सर्वांस मिळतो, आणि जे हजर नाहीत त्यांच्याकडे डीकन तो नेऊन पोहोचवितात. ज्यांस अनुकूलता आहे ते स्वेच्छेने दान देतात. ते अध्यक्षापाशी ठेवतात, आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदीत असलेले व परदेशी ह्यांची काळजी घेतो. ह्याच जस्टिनास पुढे विश्वासासाठी प्राण द्यावा लागला. त्याने केलेल्या वर्णनात मंडळीची सर्व रचना आली आहे. पण कोण कोणत्या ओळीत बसतो हे त्यात नाही. गैरहजर माणसाचे नाव मात्र कोणाच्या तरी ध्यानात आहे, आणि कोणी तरी भाकर घेऊन त्याच्या दारी चालत जात आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. बीड जिल्ह्यातून, तसेच नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगावाकडून, दरसाल हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. समजा, अशा एका गावच्या मंडळीतील एक जोडपे पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर पालात राहिले. वर्गणी देता आली नाही; नाताळास येता आले नाही; वार्षिक सभेसही नाही. परत येऊन पाहतात तो यादीतून नाव गेलेले. नियम दाखविला जातो : इतके महिने वर्गणी थकली तर मताचा हक्क नाही. नियम खोटा नाही. मंडळीस वर्गणीची गरज आहे, आणि पाळकाच्या घरीही चूल पेटली पाहिजे. परंतु ज्या पंचांनी यादीतले नाव पाहिले, त्यांपैकी एक जण तरी त्या तळावर जाऊन आला होता काय? त्यांचे मूल आजारी पडले तेव्हा कोणास कळले काय? डीकन भाकर घेऊन गेला होता काय? गेला नसेल, तर थकबाकी कोणाकडे आहे ह्याचा विचार पुन्हा करावा लागेल. जोडप्याकडे काही रुपये थकले. मंडळीकडे सहा महिन्यांची सेवा थकली.

येथे कोणी म्हणेल, "जो देतो त्यानेच ठरवावे, हे व्यवहारास धरून आहे." व्यवहारास असेल, परंतु याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या पाहुण्यास चांगली जागा व फाटक्या वस्त्राच्या माणसास पायापाशी जागा देणाऱ्यांची जी कानउघाडणी आहे, ती व्यवहारी लोकांसाठीच लिहिली आहे. दान हे दान असते तोवरच ते शोभते. त्याच्या बदल्यात अधिकार मागितला, म्हणजे तो सौदा होतो. आणि प्रभूने दानपेटीपाशी बसून विधवेच्या दोन लहान नाण्यांचा हिशेब केला, तेव्हा मोजण्याची रीत कोणती हे त्याने दाखवूनच दिले आहे.

दुसरी एक शंका याहून बळकट आहे. पद जर कोणाच्या हक्काचे नाही, तर ज्यास वाटेल त्याने पाळकास हाकलावे आणि ज्यांची संख्या मोठी त्यांनी वडिलांस खाली ओढावे, असे होणार नाही काय? होते, आणि पूर्वीही झाले आहे. करिंथ येथील मंडळीचे उदाहरण ह्या बाबतीत फार बोधप्रद आहे. सुमारे ५५ साली पौलाने तिला पत्र लिहिले तेव्हा तीत पौलाचे, अपुल्लोसाचे, केफाचे असे तट पडले होते. प्रभुभोजनाच्या वेळी ज्यांच्यापाशी होते ते पोटभर खात-पीत, आणि गरीब उपाशी राहत. भाऊ भावास कोर्टात खेचीत होता. पौलाने ह्या सर्वांस शरीराचा दृष्टांत देऊन समजाविले : डोळा हातास तुच्छ मानू शकत नाही, आणि जे अवयव दुर्बळ दिसतात त्यांचीच गरज अधिक असते. पुढे सुमारे चाळीस वर्षांनी त्याच करिंथात दुसरा रोग उद्भवला. काही लोकांनी बंड करून, निर्दोषपणे सेवा करीत आलेल्या वडिलांस पदावरून दूर केले. तेव्हा रोमच्या मंडळीने करिंथकरांस लांब पत्र लिहिले. ते क्लेमेंताचे पत्र म्हणून प्रसिद्ध आहे. प्रामाणिक सेवकास मत्सराने काढणे हे पाप आहे असे त्यात बजाविले आहे. आणि ज्यांच्यामुळे तंटा उठला त्यांस मोठ्या मनाने सांगितले आहे, की मंडळीची शांती रहावी म्हणून तुम्हीच बाजूस व्हा.

ह्या दोन्ही पत्रांतून एकच धडा मिळतो. पद हे ज्याच्याकडे आहे त्याच्या मालकीचे नाही. तसे ते बहुमताच्याही मालकीचे नाही. ते प्रभूचे आहे, आणि काही काळ एकाच्या हाती ठेव म्हणून दिलेले आहे. ठेवीचे दोन नियम असतात. जो ठेव सांभाळतो त्याने मागताच हिशेब द्यावा. आणि जो हिशेब मागतो त्याने लुटारूसारखे येऊ नये. पहिला नियम मोडला म्हणजे वतन निर्माण होते. दुसरा मोडला म्हणजे बंड निर्माण होते. दोहींतही मार खातो तो मागच्या ओळीतला मनुष्य.

मंडळीच्या कारभाराची बाह्य रचना वेळोवेळी बदलत आली आहे, व तीबद्दल ख्रिस्ती लोकांत प्रामाणिक मतभेदही आहेत. जिनीव्हा शहरी कॅल्विनाने १५४१ साली पाळक, शिक्षक, वडील व डीकन अशी चार पदे ठरविली. इतर मंडळ्यांत बिशप आहेत. काहींत प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार आपणच पाहते. नगर येथे १८३१ साली अमेरिकन मिशनचे ठाणे झाले तेव्हा सर्व सूत्रे मिशनऱ्यांच्या हाती होती. १८५४ साली अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन हे ह्या देशी आले. त्यांचा आग्रह असा, की खेडोखेडी लहान मंडळ्या स्थापाव्यात, त्यांवर देशी पाळक असावेत, आणि त्यांनी आपला खर्च, आपला कारभार व आपला प्रसार आपणच चालवावा. १९२४ साली ह्या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत सामील झाल्या. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. तीत बिशप आहेत, पाळक आहेत, डीकन आहेत, आणि गावपातळीवर पास्टरेट कमिटीही आहे. रचना बदलली, परंतु कोणत्याही रचनेने मनातले वतन आपोआप गेले नाही. मिशनरी गेले, आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीसाठी कोठे कोठे भाऊ भावाविरुद्ध कोर्टात उभा राहिला. घराची चौकट सागाची असो की बाभळीची, आत राहणाऱ्यांनी एकमेकांस जेवावयास बोलाविले नाही तर ते घर कसले?

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पौलाने रोमकरांस पत्र लिहिताना किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची आदराने शिफारस केली आहे. आमच्याकडेही बायबलबायांनी उन्हातान्हात घरोघर जाऊन आयाबहिणींस वचन शिकविले. त्यांस मान कोणी दिला नाही, आणि त्यांनी मागितलाही नाही; तरी अनेक मंडळ्यांचा पाया त्यांच्या चालण्याने घातला गेला. अशा भगिनींस केवळ चहा करण्यापुरते सभेस बोलावणे, आणि निर्णयाच्या वेळी बाहेर बसविणे, हे आपल्या हाताने आपला एक डोळा झाकण्यासारखे आहे.

मग येत्या वार्षिक सभेत काय करावे? आम्ही कोणास कायदा शिकवू इच्छीत नाही. ज्या त्या मंडळीची घटना आहेच. परंतु मते घेण्यापूर्वी चार प्रश्न मोठ्याने विचारावेत असे आम्ही सुचवितो. पहिला : गेल्या वर्षात उपासनेस कोण येईनासे झाले, आणि त्याच्या घरी कोण गेले? दुसरा : हिशेबाची वही कोणत्याही सभासदास, अगदी सर्वांत गरीब विधवेसही, संकोचावाचून मागता येते काय? तिसरा : ज्यांची नावे आज पुढे येत आहेत, त्यांनी पद नसताना कोणते काम केले आहे? चौथा : पद गेल्यावर ते त्याच आनंदाने मागच्या बाकावर बसून उपासना करतील काय? ह्या चार प्रश्नांची उत्तरे जो शांतपणे देऊ शकतो तो वडील होण्यास योग्य आहे. आणि ज्यास हे प्रश्न ऐकूनच राग येतो, त्याने एक वर्ष थांबावे हे त्याच्याच आत्म्याच्या हिताचे आहे.

आणि कोणी चुकला असेल, तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम धरावा. प्रथम एकट्याने एकट्यास भेटावे. मग एक-दोघांस घेऊन जावे. त्याउपर मंडळीस सांगावे. ह्या क्रमाचा हेतू भाऊ परत मिळावा हा आहे. आमच्याकडे पुष्कळदा क्रम उलटा होतो : आधी साऱ्या गावास कळते, मग मंडळीस, आणि ज्याची चूक असते त्यास शेवटी.

हे लिहिताना आम्ही स्वतःस वगळीत नाही. व्यासपीठावरील खुर्ची, हार, पत्रिकेतले नाव, ही आम्हांसही गोड लागतात. आणि एखाद्या सभेत आमचे नाव पुकारावयाचे राहिले तर मनाच्या कोपऱ्यात काही टोचते. अशा वेळी प्रभूने आपल्या शेवटच्या रात्री काय केले ते आठवावे. तो सर्वांचा स्वामी होता, आणि त्याने कमरेस रुमाल बांधून कोळ्यांचे पाय धुतले. त्याच्या घरात ज्यास काही पद हवे असेल, त्याच्यासाठी घंगाळ आणि रुमाल आजही तयार आहेत. ती जागा कोणी अडविलेली नाही. तिच्यासाठी मते मोजावी लागत नाहीत. आणि तिच्यावरून कोणत्याही गावात तंटा झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

प्रभू आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांस असे वडील, असे डीकन व असे पाळक देवो. आणि ज्यांस कोणतेही पद नाही त्या सर्व बंधुभगिनींस हे समजावो, की मंडळी त्यांच्यावाचून पुरी होत नाही.